गव्हावर एमएस्सीचा प्रयोग घेताय? माझ्या पहिल्या रब्बीतलं थोडं

ॲग्रोनॉमीला नवीन आलेले ज्युनिअर विचारतात की गव्हावर काम करायचं तर आधी काय शिकायचं. मी म्हणतो, तापमान मांडायला शिका.

माझा प्रयोग पेरणीच्या तारखांवर होता, एक पेरा 10 नोव्हेंबरचा, दुसरा 15 डिसेंबरचा, जात एकच. मी आपला वहीत दिवस मोजत होतो, 40 दिवस, 60 दिवस, आणि दोन्ही पेऱ्यांचं काही जुळेचना. मग सरांनी सांगितलं, गव्हाला तारीख कळत नाही, ऊब कळते. कमाल 30, किमान 10, म्हणजे सरासरी 20, पायाभूत तापमान (ज्याखाली वाढ थांबते ते) शून्य धरलं तर त्या दिवसाचे 20 अंश-दिवस. एका पानाला साधारण 100 अंश-दिवस लागतात, म्हणजे अशा हवेत पाच दिवसांनी नवं पान, सरासरी 25 झाली की चारच दिवसांनी. उशिरा पेऱ्याचं दुखणं इथेच आहे, सुरुवातीला थंडीत तो रेंगाळतो आणि नेमकं दाणा भरताना मार्चचं ऊन गाठतं, भरायला दिवसच कमी मिळतात, दाणा चिमतो.

आता दिवसाची लांबी. गहू मुळात मोठ्या दिवसाचं पीक, म्हणजे दिवस मोठा झाला की ओंबी धरणारं, पण नाशिककडे डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा, तरी आपला गहू ओंबी टाकतो. त्यामागे गहू-शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचं मेक्सिकोतलं काम आहे. एक पिढी सोनोराच्या सपाटीवर हिवाळ्यात, पुढची टोलुकाच्या उंचावर उन्हाळ्यात, दोन्हीकडे टिकेल तेच बी पुढे, त्यातून दिवसाच्या लांबीला न अडणारे वाण निघाले आणि तेच रक्त आपल्याकडच्या बुटक्या जातींत आलं. युरोपातला हिवाळी गहू इथे पेरला तर काही आठवडे कडक थंडी मिळाली नाही म्हणून नुसता गवतासारखा फुटत बसतो.

आणि एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघाच. चार-पाच पानांचं रोप उपटा, पानं एकेक करून सोलत जा, शेवटी बुडाशी टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका शेंडा राहतो, भिंगाखाली त्यावर जोडीजोडीने वळ्या दिसल्या की ओंबी धरायला लागली समजा. वरून शेत तेव्हा नुसतं हिरवं दिसत असतं! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी शेजारच्या प्लॉटवरच्या सगळ्यांना हाका मारून दाखवलं होतं.

यासाठी लेआउट काढतानाच सॅम्पलिंगच्या दोन ओळी वेगळ्या सोडा, कारण नेट प्लॉटमधली, म्हणजे ज्या मधल्या भागाचं उत्पादन मोजायचं तिथली, रोपं उपटता येत नाहीत आणि अगदी कडेच्या ओळीला ऊन-वारा जास्त मिळतो, त्यामुळे तिचे आकडे धरता येत नाहीत.