काच फुटते ती पिशवीपायी: ट्रेकला गाडी लावताना या चुका टाळा

मुरबाड सोडून माळशेजच्या रस्त्याला लागलं की वैशाखरे मागे पडतं आणि थोड्या वेळाने नाणेघाटाची पाटी येते. पावसाळ्यात आपण मुंबईकर तिथे रस्त्याच्या कडेला गाड्या लावतो आणि झाडीत शिरतो. पुढचे सहा-सात तास त्या गाडीकडे बघणारं कुणी नसतं.

एका जुलैत आम्ही पाच जण चारच्या सुमारास उतरलो, तर मित्राच्या गाडीच्या मागच्या दाराची छोटी तिकोनी काच गायब. खडीसाखरेसारखे तुकडे सीटभर, त्याच्या मुलीच्या चाइल्ड सीटच्या खाचांतसुद्धा. गेली होती फक्त एक सॅक. तीही पन्नास पावलांवर उताराला पडलेली सापडली. दोन टॉवेल, कोरडे कपडे, धपाट्यांचा डबा, सगळं जागच्या जागी. डबा तर उघडलाही नव्हता. नव्हता तो सॅकच्या पुढच्या खणातला घराच्या किल्ल्यांचा जुडगा. डॅशबोर्डचा कप्पाही उचकटलेला होता, आणि त्यात होतं आरसी बुक. म्हणजे किल्ल्याही चोराकडे आणि मुलुंडच्या घराचा पत्ताही. नेटवर्क मिळाल्याबरोबर मित्राने पहिला फोन बायकोला केला, ‘आधी चावीवाल्याला बोलव, कुलूप बदलून घे.’

‘आत काही नाहीच आहे’

हे तुम्हाला माहीत असतं. बाहेरच्याला दिसते ती फक्त बंद सॅक, आणि तिच्यात लॅपटॉप आहे की ओले मोजे हे काच फोडल्याशिवाय कळत नाही. तिच्यावर जॅकेट किंवा चादर टाकणं तर आणखी वाईट. झाकलंय म्हणजे झाकण्यासारखं काहीतरी आहे, एवढं कुणालाही कळतं. सीटवर, पायाशी, मागच्या काचेखाली काहीही दिसता कामा नये. रिकामी पिशवी नको, चार्जिंगची वायर नको, मोबाइलचा स्टँडही नको. मी डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करून उघडाच ठेवतो. मित्र हसतात, हसू देत.

कागदपत्रं गाडीत ठेवायची गरज उरलेली नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमधलं लायसन्स, आरसी पोलिसांना चालतं. घराच्या किल्ल्या मात्र अंगावरच हव्यात, कमरेच्या पाऊचमध्ये.

काळी फिल्म लावून घेऊ, असंही कुणीतरी सुचवतंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी आणली. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. तेव्हा चोर सापडो न सापडो, तुमची पावती नक्की फाटेल.

सगळ्यांसमोर डिकी उघडणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती शहाणीसुरती माणसं करतात. पायथ्याशी गाडी थांबते, डिकी वर होते, बूट बदलले जातात, कॅमेऱ्याची बॅग इकडून तिकडे जाते, पाकीट ‘सेफ’ म्हणून स्टेपनीच्या खाली सरकवलं जातं. हा अर्ध्या तासाचा प्रयोग समोर बसलेल्या कुणालाही फुकट बघता येतो. तुम्ही झाडीत दिसेनासे झालात की त्याला शोधाशोधही करावी लागत नाही.

डिकीत जे टाकायचं ते वाटेत टाका. पनवेलला किंवा मुरबाडला मिसळ खायला थांबताच ना, तिथेच सॅक लावा, बूट चढवा. पायथ्याशी पोचल्यावर उतरायचं, लॉक करायचं, चालायला लागायचं. तसंच परत आल्यावर कपडे बदलून लगेच दुसऱ्या धबधब्याकडे जाणार असाल, तर तेव्हाही डिकी उघडून सामान मांडत बसू नका.

झाडाखालची निवांत जागा

सावली बघून, वळणाच्या आड गाडी लावायचा मोह होतो. आपल्याला जो निवांतपणा हवा असतो, तोच चोरालाही हवा असतो. जिथे गाव आहे तिथे गावातच लावा. प्रबळगडाला ठाकूरवाडी, गोरखगडाला देहरी, पेठच्या किल्ल्याला आंबिवली. कुणाच्या तरी अंगणात जागा मिळते. पन्नास-शंभर रुपयांवरून घासाघीस करू नका. त्याहून उपयोगाचं म्हणजे त्याच घरी परतीचं जेवण सांगून ठेवा. ‘मावशी, पाच जणांची भाकरी-पिठलं करा, तीनपर्यंत येतो, गाडीकडे जरा लक्ष असू द्या.’ मग तुमची वाट बघणारं कुणीतरी असतं. पावती घेऊन लावलेल्या पार्किंगमध्येही पावतीची मागची बाजू वाचा. बहुतेक वेळा ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असंच लिहिलेलं असतं.

गाव नसेल, तर वर्दळीच्या कडेला, इतर गाड्यांच्या मधोमध लावा. 

किल्ली टायरवर

‘धबधब्यात पडेल, त्यापेक्षा टायरवर ठेवू.’ हे मी दर पावसाळ्यात ऐकतो. चाकाच्या वर, बंपरच्या आत, दगडाखाली: या तिन्ही जागा शोधणाऱ्याला आधी सुचतात. किल्ली झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, ती आतल्या खिशात, खिशाला चेन. रिमोट भिजून बंद पडला तरी घाबरू नका. बटणवाल्या गाड्यांच्या रिमोटमध्ये बहुधा एक छोटी धातूची किल्ली दडवलेली असते, तिने दार उघडतं. पुष्कळ गाड्यांत तोच रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला की गाडी सुरूही होते. आपल्या गाडीत नेमकं कसं आहे, ते घरी खाली उतरून एकदा करून बघा.

आणि लॉकचा आवाज आला म्हणजे लॉक झालं असं नाही, आवाज शेजारच्या गाडीचाही असू शकतो. चारही दारं आणि डिकी हाताने ओढून बघायची. काचेत बोटभर फट ठेवायची नाही.

दुचाकीवाले

अक्सा, गोराईला समुद्रात उतरताना फोन-पाकिटं स्कूटरच्या सीटखाली टाकतात. त्या सीटचं कुलूप म्हणजे समाधानापुरतं. मागून ओढली की वर येणाऱ्या सीटा मी पाहिल्या आहेत. एकाने किनाऱ्यावर सामानापाशी बसावं, आळीपाळीने. विम्याची एक अट अनेकांना माहीत नसते. दुचाकीच्या पॉलिसीत नुसत्या अॅक्सेसरीज चोरीला गेल्या आणि गाडी जागेवर राहिली, तर साधारणपणे भरपाई मिळत नाही.

फुटलीच तर

आमची चूक अशी झाली की आम्ही आधी सीट झाडायला लागलो. हात लावू नका. बाहेरून, आतून, नंबर प्लेटसकट फोटो काढा, मग ११२ ला फोन करा. बँकेची कार्डं बंद करा. मोबाइल गेला असेल तर सिम बंद करा आणि तक्रारीची प्रत मिळाली की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेटही ब्लॉक करा. तक्रार शक्यतो तिथल्याच ठाण्यात द्या, पंचनामा तेच करणार. पण रात्र झाली, पोरं सोबत आहेत, निघावंच लागतंय, तर मुंबईतल्या ठाण्यातही झिरो एफआयआर, म्हणजे हद्द दुसरीकडची असली तरी नोंदवून घेतली जाणारी तक्रार, होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तशी तरतूद आहे. ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर शांतपणे तेवढी आठवण करून द्या. ‘गहाळ’ नाही, ‘चोरी’ असंच लिहून घ्या.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, पण क्लेम करायचा की नाही हे आकडेमोड करून ठरवा. काचेवर घसारा कापला जात नाही, हे खरं. तरी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० तुमचेच जातात, आणि साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी २० पासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते, तोही जातो. गाडीतल्या सॅकचे, फोनचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. मित्राने हिशेब मांडला आणि काच खिशातून बसवली.

परतताना भोकावर जाड प्लॅस्टिक लावलं होतं. चिकटपट्टी ओल्या पत्र्याला धरत नाही, आधी कोरड्या फडक्याने पुसावं लागतं. काचेचे खडे हाताने गोळा करू नका, व्हॅक्यूमने ओढा आणि उरलेले रुंद चिकटपट्टीने टिपा. दाराच्या आत पडलेले खडे काच बसवणाऱ्याकडून पॅनेल उघडून काढून घ्या. आम्ही ते केलं नाही, आणि दिवाळीपर्यंत दार आपटलं की आतून खुळखुळ यायची.