ॲक्सोलॉटल मजेत आहे की टेन्शनमध्ये, कसं ओळखायचं

नवीन ॲक्सोलॉटल, म्हणजे कायम पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर, बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी, घरी आणला की पहिले पंधरा दिवस आपण नुसते टँकसमोर बसून, हा हलत का नाही, डोळे का मिटत नाही, गेला की काय. अरे, डोळे कसले मिटतोय, पापण्याच नाहीत त्याला. आणि तासन्‌तास तळाशी दगडासारखं पडून राहणं हा त्याचा रोजचा कार्यक्रम आहे. पुढच्या पायाला चारच बोटं दिसतात तेही बरोबरच, मागे पाच असतात. कधीतरी वर जाऊन हवेचा घोट घेतो, मग तोंडातून बुडबुडा सोडतो, गिल्स म्हणजे डोक्यामागचे ते तुरे मध्येच झटकतो, खाल्ल्यावर ते लाल होतात, निवांत असला की फिके, सगळं नॉर्मल. मागच्या पायांच्या मागे शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसलं की आपल्याला वाटतं गाठ आली, मी तर रात्री अकरा वाजता मित्रांना फोटो पाठवत बसलो होतो, आणि निघालं काय तर पठ्ठ्या वयात आलाय, नर आहे.

आता काळजी कधी करायची. तुरे चेहऱ्याकडे पुढे वळलेत आणि तसेच राहिलेत, शेपटीचं टोक हुकासारखं वाकलंय, हे दोन्ही दिसलं की आधी फिल्टर बघा, धार जोरात असेल तर काचेकडे वळवा किंवा सरळ स्पंज फिल्टर लावा. तरी फरक नाही तर पाणी तपासायचं टेस्ट किट काढा, घाणीतून पाण्यात तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यच पाहिजेत, नायट्रेट 20 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 20 भाग) आसपास.

पण पुण्यात माझा पहिला संशय कायम उकाड्यावर असतो. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, उंचावरचं थंड पाणी, त्याला 16 ते 18 डिग्री आवडतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये बाहेर चाळिशी गाठते तेव्हा टँकचं पाणी तिशीकडे कधी सरकतं कळतही नाही. जेवण सोडलं, टँकभर सैरावैरा फिरतोय, सारखा वर येऊन हवा गिळतोय, असं असेल तर आधी थर्मामीटर बघा, बाकी सगळं नंतर. 24 च्या वर गेलं की धोका. छोटा फॅन पाण्यावर मारला तर दोन-तीन डिग्री उतरतात, बर्फाच्या बाटल्या आळीपाळीने सोडता येतात पण एकदम चार नकोत, झटका बसतो त्याला. खरं सांगायचं तर इथे चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड ठेवणारं मशीन, नसेल तर ॲक्सोलॉटल आणूच नये.

तरंगण्याचंही बघा. थोडा वेळ तरंगून स्वतःहून खाली आला तर सोडून द्या, पण शेपूट वर करून लटकलाय आणि खाली जाताच येत नाही म्हणजे पोट अडकलं असेल, विशेषतः टँकमध्ये बारीक खडे असतील तर, कारण हा गडी समोर येईल ते गिळतो. तुऱ्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी, तेव्हा एक्झॉटिक प्राणी बघणारा व्हेट गाठा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हे बघत नाहीत.

आणि किटमध्ये अमोनिया निघाला तर ॲक्सोलॉटलला स्वच्छ टबमध्ये काढा, नळाच्या पाण्यात डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून, थंड करून, रोज सगळं पाणी बदलत राहायचं, टँकमधला अमोनिया शून्यावर येईपर्यंत. आपल्याकडे कधीकधी गुरुवारी पाणी बंद ठेवतात, तेव्हा बुधवारीच दोन बादल्या भरून ठेवलेल्या बऱ्या.