इम्पोर्टेड बिअर खरंच इम्पोर्टेड आहे का, कसं बघायचं

सोप्पंय, पुढचं लेबल सोडा आणि बाटली फिरवा. पुढे मोठ्या अक्षरात हॉलंड नाहीतर जर्मनी असतं, ती ब्रँडची जन्मकुंडली झाली, बिअर कुठे बनली ते मागे बारीक अक्षरात असतं. तिथे ब्रूड अँड बॉटल्ड बाय आणि खाली तळोजा, औरंगाबाद असलं काही दिसलं की समजायचं, माल इथलाच. हाइनेकन २०११ पासून तळोज्याला बनते, लपवाछपवी काही नाही, बाटलीवरच लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच. खरी बाहेरची असेल तर इम्पोर्टेड बाय, पत्ता आणि कंट्री ऑफ ओरिजिन असतंच, बऱ्याचदा वरून चिकटवलेल्या स्टिकरवर. फॉर सेल इन महाराष्ट्र एवढ्यावर मात्र जाऊ नका, त्याने बिअर कुठे बनली ते कळत नाही.

गोची होते बारमध्ये. मेनूत इम्पोर्टेडच्या खाली लिहिलेलं, रेट तसाच तगडा, आणि वेटर ग्लासात ओतून बाटली घेऊन जातो. मी एकदा बाटली ठेवायला सांगितली, ओलं लेबल अंगठ्याने पुसलं तर पत्ता रायगड जिल्ह्यातला! म्हणून बाटली टेबलवरच उघडायला सांगा. ड्राफ्ट, म्हणजे नळाची बिअर असेल तर सरळ विचारा, केग (बिअरचं पिंप) कुठून येतो.

अमेरिकेत बेक्स ही मूळची जर्मन बिअर २०१२ पासून सेंट लुईसला बनायला लागली तरी लोक जर्मन समजून घेत होते, शेवटी कोर्टात प्रकरण गेलं आणि २०१५ मध्ये कंपनीने गिऱ्हाइकांना पैसे परत द्यायचं कबूल केलं.

आणि हो, इथली म्हणजे वाईट असं नाही हां, उलट ताजी मिळते. बोटीने आलेली हिरवी बाटली उजेडात पडून राहिली तर वास मारते. फक्त पैसे इथल्या बिअरचेच द्या.