द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर: आधी पीटीओची ताकद तपासा, मग कंपनी निवडा

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आली की निफाड-दिंडोरीपासून तासगाव-पलूसपर्यंत छोट्या ट्रॅक्टरची विचारणा वाढते आणि दसरा-पाडव्याच्या मुहूर्तासाठी डीलरकडे नोंदणी सुरू होते. या घाईत कोणत्या कंपनीचा ट्रॅक्टर चांगला, हे सगळे विचारतात. पण आपला ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध उडवणारा फवारा) चालवायला पीटीओवर, म्हणजे मागचे यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या शाफ्टवर, किती ताकद लागते आणि हा ट्रॅक्टर तेवढी देतो का, हे विचारणारा बागायतदार क्वचितच भेटतो. या एका दुर्लक्षापायी डाऊनी या बुरशीजन्य रोगाने गेलेल्या बागा मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून बाकीच्या बाबी थोडक्यात उरकून याच मुद्द्यावर भर देत आहे.

बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते, तर ब्लोअरचा पंखा आणि पंप चालतात ते पीटीओवर. 24 एचपीच्या निरनिराळ्या ट्रॅक्टरची माहितीपत्रके शेजारी ठेवली तर पीटीओचा आकडा कुठे 17 च्या आसपास दिसतो, तर कुठे 22 पर्यंत जातो. किंमत आणि बॉनेटवरचा आकडा जवळजवळ सारखे असले, तरी पंख्यापर्यंत पोचणाऱ्या ताकदीत एवढा फरक असू शकतो. माहितीपत्रकावर भागत नसेल तर मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागावा. त्यात पीटीओची प्रत्यक्ष मोजलेली ताकद आणि मागचे अवजार उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता दिलेली असते. अहवाल दाखवायला टाळाटाळ होत असेल तर नोंदणीची रक्कम खिशातच राहू द्यावी.

याचा डाऊनीशी संबंध काय, ते समजून घेणे आवश्यक आहे. डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून आत शिरते. पाण्याचे थेंब तिथपर्यंत नेण्याचे काम पंख्याची हवा करते. नुसत्या पंपाच्या दाबाने ते होत नाही. पीटीओचे मिनिटाला 540 फेरे भार आल्यावर 480 वर आले की हवा त्याच प्रमाणात, म्हणजे साधारण 11 टक्क्यांनी घटते, पंपाचे पाणीही कमी होते, आणि पान वरून ओले दिसले तरी उलटून पाहावे तर कोरडे असते. अशा वेळी शिफारशीप्रमाणे मॅन्कोझेब 75 डब्ल्यूपी लिटरला 2 ग्रॅम घेतलेले असले तरी उपयोग होत नाही. मग औषधच लागू पडले नाही असे म्हणत दुकानदार त्याहून महागडे आंतरप्रवाही मिश्रण, त्यावर स्टिकर, त्यावर आणखी एखादे टॉनिक हाती देतो. खोट ट्रॅक्टरच्या निवडीत असते आणि भुर्दंड औषधाच्या बिलात पडतो.

दुसरी चूक यातूनच होते. इंजिन दबू लागले की चालक वरचा गिअर टाकून ओळ लवकर संपवतो. हिशेब साधा आहे: 9 फुटी ओळींच्या एकरात सुमारे 1,480 मीटर चालावे लागते, ताशी 4 किलोमीटरने त्याला 22 मिनिटे लागतात, आणि पूर्ण पानोऱ्यात एकरी 400 लिटर पाणी द्यायचे तर मिनिटाला 18 लिटर सुटले पाहिजे. तेच नोझल ठेवून वेग 6 किलोमीटर केला तर एकराला जेमतेम 270 लिटर पडते. पोंग्यापासून, म्हणजे डोळे फुटण्यापासून, दोडा म्हणजे कोवळ्या घडाच्या अवस्थेपर्यंत पाऊस लागून राहिला असेल, तर एवढी उणीव घड कुजायला पुरेशी आहे.

म्हणून ट्रॅक्टर शोरूमच्या अंगणात पाहू नये, आपल्या बागेत मागवावा. टाकी पूर्ण भरावी, सर्व नोझल उघडावेत, पंखा चालू करावा आणि शक्यतो पावसानंतरच्या ओल्या, चढाच्या ओळीतून ताशी 4 किलोमीटरने चालवावा. पीटीओचे फेरे टॅकोमीटरने मोजावेत, मात्र शाफ्टवरचे संरक्षक कव्हर काढू नये आणि उपरणे किंवा सैल कपडे घालून जवळ जाऊ नये. पानांच्या खालच्या बाजूला पाणी पडताच निळा होणारा पिवळा कागद टाचून ठेवावा. तो कागद विक्रेत्यापेक्षा खरे बोलतो. भारावर फेरे 500 च्या खाली जाऊ नयेत आणि ब्लोअरच्या गरजेपेक्षा पीटीओची ताकद पाचव्या हिश्श्याने तरी जास्त असावी, हे माझे शेतावरचे ठोकताळे आहेत. ते कुठल्या शिफारशीत सापडणार नाहीत. ब्लोअरची गरज त्याच्या उत्पादकाकडून लेखी घ्यावी.

आता कंपन्यांबद्दल. स्वराज 717 आणि महिंद्रा युवराज 215 ही 15 एचपीची एक सिलिंडरची यंत्रे आंतरमशागतीला आणि एचटीपी (जास्त दाबाच्या फवारणी) पंपाला योग्य आहेत. त्यांच्यावर मोठा ब्लोअर लादू नये. कुबोटाचे ए 211 एन, बी 2441 आणि बी 2741, महिंद्राची जिवो 245 आणि ओजा मालिका, जॉन डिअरचा 3028 ईएन, स्वराज टार्गेट 630, व्हीएसटी, सोनालिका आणि राजकोटचे कॅप्टन यांची तुलना वरच्या चाचणीनेच करावी. काळ्या, चिकट जमिनीत 600 लिटरची टाकी ओढायची असेल तर चारचाकी ड्राइव्ह घ्यावाच, असे माझे मत आहे. ब्लोअर लिफ्टवर टांगणार असाल तर ध्यानात ठेवावे की 750 किलोची क्षमता बहुधा लिंकच्या टोकाशी मोजलेली असते. टाकीचा भार त्याहून मागे पडतो, म्हणून प्रत्यक्षात तेवढे वजन उचलले जात नाही. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी फोर्सच्या ऑर्चर्ड मिनीबाबत सावध राहावे, कारण कंपनीने 2024 मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला असून सुट्या भागांची खात्री आधी करावी लागेल.

इतर नेहमीच्या तपासण्या:
- ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी आणि ओळीच्या टोकाची वळणाची जागा
- मंडपाखाली सायलेन्सर आडवा आहे का
- क्लच प्लेट, फिल्टर आणि पीटीओ शाफ्ट तालुक्यात मिळतात का
- कोटेशनमध्ये जीएसटी 5 टक्के (22 सप्टेंबर 2025 पासून, आधी 12 टक्के)
- अनुदान घेणार असाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरील पूर्वसंमती हाती येण्याआधी खरेदी नको

ट्रॅक्टरबरोबर रोटाव्हेटर आणि ब्लोअर एकत्र घेतल्यास सवलत देणाऱ्या योजनांपासून दूर राहावे. त्या जोडीतला ब्लोअर दुकानात पडून राहिलेला असतो. तुमच्या पीटीओला तो जुळतो की नाही, हे कोणी पाहिलेले नसते.

छाटणी येत्या आठ-दहा दिवसांत असेल आणि ट्रॅक्टरची चाचणी झालेली नसेल, तर यंदाचा मुहूर्त सोडून द्यावा. छाटणीनंतर लगेच 1 टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी उरकावी, आणि पोंगा फुटण्याच्या आधीच तासाच्या भाड्याने ट्रॅक्टर-ब्लोअर ठरवून ठेवावा, कारण पाऊस लागल्यावर गावातले सगळे ब्लोअर एकाच दिवशी हवे असतात. भाड्याचे यंत्र आले तरी पहिल्याच ओळीत पान उलटून पाहावे आणि ते कोरडे असेल तर टाकी तिथेच थांबवावी.