मृगाचा पाऊस, बदललेली वैरण आणि बिथरलेलं तट्टू

मृगाच्या सरी पडल्या की नागपूरच्या आसपास दहा-पंधरा दिवसांत बांध हिरवे होतात, आणि घोडी-तट्टं पाळणाऱ्यांच्या तक्रारीही तेव्हाच सुरू होतात. कालपर्यंत गरीब असलेली वरातीची घोडी तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळताना चावायला येते. फुटाळा तलावावर लेकरांना फिरवणारं तट्टू साध्या छत्रीला बुजतं, खरारा करताना दुगाण्या झाडतं. मग कुणी चाबूक उचलतो, कुणी नजर उतरवतो. माझी कळकळीची विनंती आहे, आधी गव्हाण बघा. गेल्या पंधरा दिवसांत वैरणीत किंवा चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, काय बदललं ते आठवा.

माझ्याच घोडीचं सांगतो. पावसाच्या तोंडावर चोकर, म्हणजे गव्हाचा कोंडा, संपला. दुकानात मक्याचा भरडा मिळाला, तो आणला आणि रोजच्याच डब्याने सकाळ-संध्याकाळ घालू लागलो. चौथ्या दिवशी खोगीर ठेवून तंगाला हात लावला तर तिने कान मागे पाडले आणि माझी बाही दातात धरली. सहा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. लीद पाहिली, तर पातळ, आंबूस वासाची आणि आत मक्याचे कण. मग मी तो डबा काट्यावर ठेवला. चोकराने भरला तर साडेतीनशे ग्रॅम, भरड्याने भरला तर नऊशे. डबा तोच होता, पण घोडीच्या पोटात अडीचपट वजन जात होतं, आणि तेही निव्वळ पिठूळ दाण्याचं.

गाय-म्हैस रवंथ करते, घोड्याला ते जमत नाही. त्याचं जठर लहान असतं, खाल्लेलं ओकून टाकताही येत नाही. दाण्यातलं पीठ लहान आतड्यात पचायला हवं. एका वेळी जास्त पडलं की ते न पचता मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू चारा आंबवून पचवणारे असतात. त्यांच्यात पीठ पडलं की आम्ल वाढतं आणि पोट दुखायला लागतं. दुखऱ्या पोटावर तंग आवळला तर जनावर चावेलच. नव्या खाद्याला हे जिवाणू रुळायला दोन आठवडे लागतात.

म्हणून बदल हळूहळू करा. पहिले तीन-चार दिवस पाव हिस्सा नवं आणि बाकी जुनं, पुढचे तीन-चार दिवस अर्धं-अर्धं, मग पाऊण, आणि दहा-चौदा दिवसांनी पूर्ण नवं. चंदीच्या बाबतीत लोक एवढं पाळतातही, पण कडबा संपला म्हणून एका रात्रीत तणस (भाताचा पेंढा) किंवा सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) टाकतात. वैरणीचा बदलही बदलच आहे.

मापासाठी जनावराचं वजन माहीत हवं. टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि 11,900 ने भागा. घेर 135 आणि लांबी 130 असेल तर वजन साधारण 200 किलो येतं. एवढ्या तट्टाला दिवसाला 3 ते 4 किलो कोरडी वैरण लागते. मक्याचा भरडा एका वेळी 300 ग्रॅमच्या वर नको, आणि आधी वैरण, मग चंदी. मीठ रोज 10 ते 15 ग्रॅम. पाणी कायम समोर असू द्या, कोरडं कुटार खाऊन पाणी कमी पडलं की आतड्यात गच्च गोळा बसतो.

आता हिरव्याकडे. पहिल्या पावसाचं लुसलुशीत गवत साखरेचं असतं, त्यात धागा कमी. उपाशी तट्टाला त्यावर सोडू नका. कोरडी वैरण खाऊ घालून पहिल्या दिवशी 15-20 मिनिटं चारा आणि दोन-तीन आठवड्यांत वेळ वाढवा. सकाळी लवकर चारणं बरं, कारण उन्हाच्या दिवशी दुपारनंतर गवतात साखर चढते. आधीच जाडजूड, मानेवर चरबीचा उंचवटा असलेल्या तट्टाला तर फारच जपा. त्याच्या खुराच्या आतला थर सुजतो. ते चालायला नको म्हणतं, पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभं राहतं, आणि लोक म्हणतात, आळशी झालं. खुराला हात लावा, गरम लागेल. चंदी आणि हिरवं दोन्ही बंद करा, पायाखाली मऊ अंथरा, खुरांवर थंड पाणी धरा आणि डॉक्टरांना बोलवा.

ढगाळ हवेत बुरशी लागलेला मका घोड्याला कधीही घालू नका, धुऊन वाळवूनही नाही. त्यातल्या एका विषाने घोड्याचा मेंदू सडतो. जनावर भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, गोल फिरतं, आंधळ्यासारखं धडकतं. त्यावर उपाय नाही. कोंबड्यांचं खाद्यही तट्टाच्या तोंडी लागू देऊ नका. त्यातली काही औषधं घोड्याला जीवघेणी ठरतात. म्हशीची सरकी ढेप म्हशीलाच राहू द्या.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की वराती थांबतात आणि घोडी खुंट्याला उभी राहते. त्या दिवसापासून चंदी निम्म्याहून कमी करा, वैरण कमी करू नका. पूर्ण चंदीवर दोन-तीन दिवस बांधून एकदम पळवलं, तर मागच्या पुठ्ठ्यांचे स्नायू आखडून लघवी काळपट होते. मग पाऊलभरही चालवू नका. एकादशीपर्यंत उरलेल्या वरातींसाठी एकच सांगणं, घोडीला उपाशी उभं करू नका. घोड्याच्या जठरात खाणं नसतानाही आम्ल सुटत राहतं. रिकाम्या पोटी चार-पाच तास बँड-डीजेपुढे उभी राहिलेली घोडी चिडकी होते. निघण्याआधी मूठ-दोन मूठ कुटार किंवा कडब्याची कुट्टी खाऊ द्या, चंदी मात्र दोन-तीन तास आधीच.

सगळाच दोष खाद्याचा नसतो. दाताचं टोक टोचतं, खोगिराखाली जखम असते, घोडी माजावर असते. पावसाळ्यात घोडमाश्या चावून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो, म्हणून ताप असेल तर रक्त तपासून घ्या. तट्टू पोटाकडे वळून बघत असेल, पाय आपटत असेल, लोळत असेल, लीद बंद असेल, तर सकाळची वाट बघू नका. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जनावरांच्या उपचारासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. फोन करण्याआधी जुन्या आणि नव्या खाद्याची मूठ-मूठ वेगळ्या पिशव्यांत भरून ठेवा, आणि कोणत्या तारखेपासून काय, किती ग्रॅम बदललं ते कागदावर लिहून घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.