कचऱ्याची गाडी रोज येते, तरी गेटपाशी घाण? या चुका टाळा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दर सभेला एकच तक्रार असायची: गाडी येते, पण कचरा राहतोच. शेवटी दोन आठवडे मी रोज सकाळी गेटवर उभा राहिलो. गाडी येत होती. चुकत होतो आम्ही.

सगळ्यात मोठी चूक घरात नाही, जिन्यात होत होती. बहुतेक घरं ओला-सुका वेगळा देत होती, पण सफाई करणाऱ्या मावशींकडे बादली एकच. चार मजले उतरेपर्यंत सगळं एक व्हायचं. त्यांना बोल लावण्यात काय अर्थ? दोन रंगांच्या दोन बादल्या आणि खाली दोन ड्रम दिले, आठवड्यात फरक दिसला. आमटीने माखलेला पुठ्ठा भंगारवालाही घेत नाही, तो थेट डम्पिंगवर जातो. आणि तिथे दाबला गेलेला ओला कचरा हवेविना कुजून मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या डम्पिंगला लागलेल्या आगीचा धूर मुंबईकरांना आठवत असेल. देवनार 1927 पासून हे ओझं वाहतंय, मुलुंडचं डम्पिंग 2018 मध्ये बंद झालं. जागा उरलीय कुठे?

दुसरी चूक, गाडी गेल्यावर डबा बाहेर ठेवणं. मग दिवसभर कुत्री आणि कावळे. गाडीच्या वेळेआधी अर्धा तास ड्रम गेटवर हवेत.

डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, कधीही ड्रममध्ये टाकू नका. गाडीतला कॉम्पॅक्टर कचरा दाबून बसवतो, त्यात फरशीचे तुकडे अडकले की गाडीच खोळंबते आणि पुढच्या गल्ल्या तशाच राहतात. बाथरूमची तोडफोड काढलीत तर राडारोडा उचलण्याची सोय महापालिकेकडे वेगळी मागा.

डायपर, पॅड, ब्लेड कागदात गुंडाळून वेगळे द्या. ते उचलणारे हात माणसाचे आहेत.

सोसायटीतून रोज 100 किलोहून जास्त कचरा निघत असेल, तर ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करायला हवं.

एवढं करूनही गाडी चुकली, तर मुंबई महापालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार करा. ‘नेहमीच येत नाही’ असं मोघम सांगू नका. तारीख, वेळ, गेट आणि काय उचललं नाही ते सांगा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दोन दिवसांनी पुन्हा फोन करताना तोच क्रमांक लागतो.