खाद्यात कॅल्शियम आणि आयोडीन घालताना हिशोब कसा करायचा

पोत्यावरचं वजन अख्ख्या पावडरीचं असतं, पण जनावराच्या कामाला येतं ते आतलं कॅल्शियम नाहीतर आयोडीन, त्यामुळं हिशोब कायम आतल्या घटकाचाच धरायचा. चुनखडीच्या भुकटीत कॅल्शियम साधारण ३८ टक्के, कॅल्शियम आयोडेटमध्ये आयोडीन ६५ टक्के.

आयोडीनसाठी पोटॅशियम आयोडाइडही चालतं, पण ओल आणि ऊन लागलं की त्यातलं आयोडीन उडून जातं. आयोडेट टिकतं, म्हणून मी तेच घ्या म्हणेन.

आता खरी गंमत मिसळण्यात आहे. दुभत्या गाईच्या कोरड्या खाद्यात किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आयोडीन धरलं तर एक टनाला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे आयोडेट जेमतेम पाऊण ग्रॅम! एवढंसं थेट टनभर खाद्यात टाकलं तर एका घमेल्यात सगळं आणि बाकीच्यात काहीच नाही. म्हणून बारीक काट्यावर मोजून आधी १०० ग्रॅम चुनखडीत घोळायचं, मग ते १ किलोत, ते १० किलोत आणि शेवटी टनात, प्रत्येक वेळी नीट हलवून. मास्क आणि हातमोजे घाला, धूळ नाकात जाऊ देऊ नका. मोहरीवर्गातली पेंड जास्त असेल तर आयोडीन थोडं वाढवावं लागतं, कारण ती पेंड थायरॉईडला आयोडीन वापरू देत नाही. पण अंदाजपंचे वाढवू नका, जादाचं आयोडीन दुधात आणि अंड्यात उतरतं.

कॅल्शियमचं बघायचं तर अंडी देणाऱ्या कोंबडीला खाद्यात साडेतीन ते चार टक्के लागतं, आणि त्यातलं निम्मं तरी २ ते ४ मिलिमीटरच्या खड्यांतून द्या, कारण कवच रात्री बनतं आणि खडा पोटात हळूहळू विरघळत राहतो. हेच खाद्य अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र अजिबात नको, मूत्रपिंडं खराब होतात. फॉस्फरसही कमी पडत असेल तर डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घ्या, नुसत्या चुनखडीत तो जवळपास नसतोच. आणि गाय आटवली, म्हणजे विण्याआधी दूध काढणं बंद केलं, की कॅल्शियम कमी करायचं, बरेच जण उलट वाढवतात, मग शरीर हाडातलं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय दुग्धज्वरानं बसते.

माणसांच्या खाण्यातलं थोडक्यात: ब्रेडला बुरशी लागू नये म्हणून कॅल्शियम प्रोपियोनेट, चीजचं दही घट्ट बसावं म्हणून कॅल्शियम क्लोराईड, १०० किलो दुधाला जास्तीत जास्त २० ग्रॅम. दोन्ही फूड ग्रेडचंच घ्या, जनावरांच्या खाद्याचं इथं वापरू नका.